गावाशेजारी मुरूम खदान होतेय? खोदण्याआधी विहीर मोजा, खोदल्यावर कड मोजा

अर्जुनी मोरगाव, प्रतिनिधी :

धान निघाला, बांध्या वाळल्या की आपल्याकडे टिप्पर सुरू होतात. कुठं घरकुलाचं जोतं भरायचं असतं, कुठं पांदण रस्ता, कुठं मोठ्या सडकेचा भराव. नागपूर-गोंदिया द्रुतगती महामार्गाचं काम जसजसं पुढं सरकेल तसतशी मुरमाची मागणी वाढतच जाणार. मुरूम लागतो, यात वाद नाही. माझ्या घराच्या जोत्यातही मुरूमच आहे. पण तो कुठून काढला, किती खोल काढला आणि खड्ड्याच्या कडा कशा सोडल्या, यावर आजूबाजूच्या विहिरीचं पाणी आणि तिथं काम करणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

हे मी अनुभवातून शिकलो. आमच्या शिवारात वरच्या अंगाला एक मुरमाचा खड्डा झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्येच तळाला गेलं. अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "खड्डा होण्याआधी पाणी किती फुटांवर होतं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. "खूप होतं साहेब" हे काही उत्तर होत नाही. त्या वर्षी पाऊसही थोडा कमी झाला होता, त्यामुळं दोष खड्ड्याचा की पावसाचा, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून हा लेख. मोजमाप कसं करायचं, ते सोप्या भाषेत.

आपल्याकडे मुरूम म्हणजेच पाण्याची टाकी

वैनगंगेच्या काठचा गाळाचा पट्टा सोडला, तर गोंदिया जिल्ह्याचा बराचसा भाग जुन्या कठीण खडकावर बसलेला आहे. पट्टेरी नाईस, ग्रॅनाईट, काही ठिकाणी पदरापदराचा शिस्ट. हा खडक अखंड असतो तेव्हा त्यात पाणी मुरत नाही. पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या कुजलेल्या, झिजलेल्या थरात. हा कुजलेला थर म्हणजेच मुरूम.

आपली विहीर खोदताना काय लागतं ते आठवा. वर माती, मग मुरूम, मग कच्चा दगड, मग काळा पाषाण. झरे लागतात ते मुरमाच्या तळाला आणि कच्च्या दगडाच्या भेगांत. म्हणजे टिप्परमध्ये भरून जातो तो थर रिकामा नसतो. पावसाचं पाणी गाळून साठवणारी गावाची टाकी तीच आहे.

ती किती मोठी? कुजलेल्या ग्रॅनाईट-नाईसमध्ये चिकणमाती कमी असेल, तर भूजलाच्या हिशेबात त्यातून सुटणारं पाणी साधारण ३ टक्के धरतात. एक हेक्टरचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली ३ मीटर गेला, तर ३० हजार घनमीटर मुरूम निघाला. त्याचे ३ टक्के म्हणजे ९०० घनमीटर, ९ लाख लिटर पाणी साठवणारी जागा गेली. पण खरं नुकसान इथून पुढं सुरू होतं.

पाण्यावर परिणाम कसा होतो?

पहिला परिणाम उपशाचा. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की तळाला पाणी येतं. काम चालू ठेवायला पंप लावतात. ५ एचपीचा पंप सेकंदाला १० लिटर उपसत असेल, तर ८ तासांत २ लाख ८८ हजार लिटर पाणी नाल्यात जातं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं हे ५ हजारांवर माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. पाणी उपसलं की चारही बाजूंचं भूजल खड्ड्याकडं उतरतं. जवळच्या विहिरी आधी खाली जातात, लांबच्या नंतर. हा परिणाम किती लांब जाईल ते मुरमाच्या जातीवर आहे. चिकट मुरमात काही दहा मीटर, भरड आणि भेगाळ जमिनीत शे-दोनशे मीटर किंवा त्याहून जास्तही.

दुसरा परिणाम उन्हाचा. जमिनीखालचं पाणी झाकलेलं असतं, खड्ड्यातलं उघडं. मे महिन्यात उघड्या पाण्याची दिवसाला ८ मिलिमीटर वाफ धरली, तर एक हेक्टरच्या डबक्यातून रोज ८० हजार लिटर पाणी उडून जातं. ते पाणी येतं कुठून? आजूबाजूच्या मुरमातून, म्हणजे आपल्याच विहिरीच्या वाट्यातून.

तिसरा परिणाम बोडी-तलावाच्या येव्याचा. आपला जिल्हा मामा तलावांचा. प्रत्येक बोडीला, तलावाला वरच्या टेकडीवरून, पडीक जागेवरून पाणी येतं. नेमकी तीच जागा मुरमासाठी निवडली जाते, कारण तिथं शेती नसते. पाण्याची वाट खड्ड्यात अडकली, तर एक हेक्टर आणि ४ मीटर खोल खड्डा आधी ४ कोटी लिटर पाणी स्वतः पितो, मग उरलं तर बोडीत जातं. रोवणीच्या वेळी बोडी अर्धी का, याचं उत्तर कधी कधी वरच्या टेकडीवर असतं.

चौथा परिणाम गाळाचा. खड्ड्याच्या तोंडाशी टाकलेली सुटी माती पहिल्या मोठ्या पावसात वाहून बांधीत किंवा नहरात बसते.

इथंच एक गोष्ट तलावातल्या गाळाबद्दल. गाळ काढणं चांगलं. पण तळाशी बसलेली चिकणमाती हाच तलावाचा पेंदा असतो. गाळाच्या नावाखाली मशीन खालच्या मुरमापर्यंत गेलं, तर पेंदा फुटतो आणि भरलेला तलाव झिरपून रिकामा होतो. बादलीत काळा गाळ संपून लाल-पिवळा मुरूम दिसायला लागला की मशीन थांबवायला सांगा.

उन्हाळ्यात उभी असलेली कड पावसाळ्यात का ढासळते?

लहान पोरं नदीवर ओल्या वाळूचा खोपा करतात. वाळू कोरडी असली की खोपा होत नाही. थोडी ओली असली की उभा राहतो. वरून तांब्याभर पाणी ओतलं की बसून जातो. मुरमाच्या कडेचंही तसंच आहे. थोडी ओल कणांना धरून ठेवते, म्हणून पोकलेननं सरळ कापलेली १५-२० फुटांची भिंत मार्चमध्ये दगडासारखी उभी दिसते. आपल्याकडे वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी आत शिरलं की तीन गोष्टी एकदम होतात. मुरमाचं वजन वाढतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि भेगांतलं पाणी भिंतीला आतून बाहेर ढकलतं.

इंजिनिअर लोक याचा हिशेब एका आकड्यात करतात. त्याला सुरक्षा गुणांक म्हणतात. धरून ठेवणारी ताकद भागिले खाली ओढणारी ताकद. उत्तर १ आलं तर कड काठावर आहे, १ पेक्षा कमी तर पडणार. काम करताना १.३ ते १.५ तरी हवा असं धरतात.

सुट्या मुरमाचा ढीग टाकला तर तो साधारण ३५ अंशांवर स्थिर होतो. हाच मुरूम एक फूट उभा आणि दोन फूट आडवा अशा उतारात ठेवला, तर कोरड्यात गुणांक जवळपास १.४ येतो. म्हणजे ठीक. पण त्याच उतारातून पाणी झिरपत बाहेर यायला लागलं की पकड जवळजवळ निम्मी होते आणि गुणांक ०.७ वर येतो. उतार तोच, मुरूम तोच, फक्त पाणी वाढलं. घट्ट मुरमात मातीचा चिकटपणा असतो, तो थोडी जास्त साथ देतो. पण त्या चिकटपणावर पावसाळ्यात भरवसा ठेवता येत नाही.

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर खचून दीडशेच्या वर माणसं गेली. तिथला डोंगर मोठा, आपला खड्डा लहान. पण भिजलेला उतार खचतो तो याच कारणानं. आणि मुरमाच्या खड्ड्यात मरायला डोंगर लागत नाही. एक घनमीटर ओला मुरूम दीड-दोन टन भरतो. तेवढा अंगावर आला तर माणूस उठत नाही.

नियमातलं माप

मेटलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ या नियमावलीत मुरूम, रेती-गिट्टी, चिकणमाती अशा जमिनीसाठी साधं माप लिहिलेलं आहे. एकतर कडेचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त उभा नको. नाहीतर पायऱ्या करा, एका पायरीची उंची दीड मीटरच्या वर नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवायला मनाई आहे. कडेपासून ३ मीटरच्या आत झाडं, सुटे दगड, मातीचे ढीग ठेवायचे नाहीत.

आता यातली मेख. १९५२ च्या खाण कायद्यानं मुरूम-गिट्टीच्या लहान उघड्या खड्ड्यांना बऱ्याच तरतुदींतून मोकळीक दिली. त्यासाठी तीन अटी एकत्र पाळाव्या लागतात. खोली कुठंही ६ मीटरच्या (जवळपास २० फूट) वर नाही, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामावर नाहीत आणि सुरुंग नाही. यातली एक अट मोडली तरी मोकळीक गेली. आणि मोकळीक कागदावरची असते, मुरमाला ती कळत नाही. म्हणून खड्डा लहान असला तरी आपण मापायचं ते याच मापानं. ४५ अंश ही कमाल मर्यादा आहे, पावसाळ्यासाठी हमी नाही.

कड कशी मोजायची?

आधी काळजी. खड्डा जितका खोल, तितक्या अंतरात कडेजवळ जायचं नाही. खाली भिंतीच्या पायथ्याशीही उभं राहायचं नाही. मोजमाप लांबूनच होतं.

कडेचा उतार बाजूनं दिसेल अशा ठिकाणी उभे राहा. फोन सरळ धरून फोटो घ्या. मग फोटो कापून चौकोनी करा, असा की उताराचा पायथा एका कोपऱ्यात येईल. त्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी तिरपी रेघ म्हणजे ४५ अंश. खड्ड्याची कड त्या रेघेपेक्षा जास्त उभी दिसली, तर उतार नियमाबाहेर आहे. साधी खूण अशी की खड्डा जितका खोल, निदान तितकंच आडवं अंतर वरची कड आणि पायथा यांच्यात दिसायला हवं.

फोटोबरोबर या खुणा बघा :

– कडेला समांतर गेलेली जमिनीवरची भेग. हा सर्वांत मोठा इशारा आहे. भेग दिसली की त्या बाजूचं काम बंद.
– पायथ्याशी पाणी पाझरतंय का? पाणी गढूळ असेल तर आतले कण वाहून जात आहेत.
– कडेवर टिप्पर उभे राहतात का, मातीचा ढीग टाकलाय का? ते वजन कडेवरच पडतं.
– कडेचं झाड किंवा विजेचा खांब खड्ड्याकडं कलला आहे का?
– मुरमात जुन्या दगडाचे पदर दिसतात का आणि ते खड्ड्याच्या दिशेनं उतरतात का? असे पदर, विशेषतः मध्ये पांढुरकी चिकट माती असेल तर, कमी उतारावरही घसरतात.

पावसानं भरलेला खड्डा तर वेगळाच धोका. सरळ कापलेल्या कडेला पाय ठेवायला जागा नसते. पोहायला उतरलेलं पोर किंवा पाण्याला गेलेलं ढोर बाहेर येऊ शकत नाही. कुंपण नसलेला खड्डा दिसला तर शाळा सुरू व्हायच्या आत ग्रामपंचायतीत लेखी द्या.

विहीर कशी मोजायची?

याला खर्च फक्त एका दोरीचा आहे. दोरीला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. काठ जमिनीपेक्षा जितका उंच असेल तेवढं वजा करा. तारीख, वेळ, आकडा वहीत लिहा. जीपीएस कॅमेऱ्यानं दोरीसकट फोटो घ्या.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. आपणही तेच महिने धरावे, म्हणजे तुलना करता येते.

सर्वांत महत्त्वाचं, एक विहीर मोजून भागत नाही. खड्ड्याजवळच्या दोन-तीन विहिरी घ्या आणि खड्ड्यापासून लांबची, तशाच जमिनीतली एक विहीर घ्या. पाऊस कमी झाला तर सगळ्याच उतरतील. जवळच्या उतरल्या आणि लांबची राहिली, तर बोट खड्ड्याकडं जातं. माझ्याकडं हीच लांबची विहीर नव्हती, म्हणून माझा अर्ज तिथंच संपला.

खड्डा पाण्यापर्यंत गेला की नाही, हेही त्यातूनच कळतं. शेजारच्या विहिरीत दिवाळीला पाणी १० फुटांवर आणि खड्डा १८ फूट खोल, जमीन सारखीच सपाट, म्हणजे खड्डा पाण्याखाली ८ फूट गेला. पर्यावरण मंजुरीच्या कागदात बहुतेक वेळा भूजल पातळी छेदू नये अशी अट असते. राज्यात सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला परवानगी लागते. मग त्याच अंतरात पंप लावलेला मुरमाचा खड्डा ही दुसरी विहीरच नाही का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

कागद कोणते मागायचे?

मुरूम, रेती, गिट्टी ही गौण खनिजं. त्यांना १९५७ च्या खाण-खनिज कायद्याखाली राज्याचे २०१३ चे गौण खनिज नियम लागू आहेत. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते. एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत असलेले त्याच खनिजाचे पट्टे एकत्र धरायचे, असंही २०१६ च्या अधिसूचनेत आहे. म्हणजे मोठ्या खड्ड्याचे चार लहान तुकडे दाखवून सुटका नाही.

तहसील किंवा जिल्हा खनिकर्म कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. मागायचं एवढंच : परवान्याचा आदेश (गट क्रमांक, क्षेत्र, किती ब्रास, मुदत), खाणकामाचा आराखडा, पर्यावरण मंजुरी आणि तिच्या अटी.

ब्रासचा हिशेब आपण करू शकतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २०० फूट लांब, १५० फूट रुंद, १२ फूट खोल खड्डा म्हणजे ३ लाख ६० हजार घनफूट, ३६०० ब्रास. आदेशात ५०० लिहिले असतील तर बाकीचा मुरूम कोणत्या पासवर गेला, हा प्रश्न लेखी विचारा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) प्रमाणे विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

जागा कोणती तेही बघा. निस्तार पत्रकात ती झुडपी जंगल म्हणून असेल, तर विषय वेगळा. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीन मानल्या आहेत. तिथं केंद्राच्या वन मंजुरीशिवाय खोदकाम चालत नाही.

"तुम्हाला फुकटात शेततळं होईल"

जमीनमालकाला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. थोडा विचार करा. मुरमाच्या तळाला पाणी थांबत नाही. थांबलं तर ते भूजल आहे, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी उघडं पडलेलं. शेततळं हवंच असेल तर करारात लिहून घ्या. कडेचा उतार दोनास एक, ढोरांना उतरायला एक बाजू सपाट, वरची काळी माती बाजूला ठेवून शेवटी परत पसरायची, शेजारच्या धुऱ्यापासून निदान साडेसात मीटर सोडायचे, चारही बाजूंना पाणी वळवणारी नाली आणि कुंपण. तोंडी शब्द टिप्परबरोबर निघून जातो.

चांगला खड्डाही असू शकतो. पाण्याच्या वर थांबलेला, पायऱ्यांचा, बोडीची वाट न अडवणारा, शेवटी उतार करून दिलेला. असा खड्डा करायला थोडा जास्त खर्च येतो. तो खर्च ठेकेदारानं केला नाही तर गाव करतं, नवीन बोअर मारून किंवा कोणाचं तरी पोर गमावून.

तुमच्या शिवारात खड्डा व्हायचा असेल किंवा नसेल, या रविवारी विहिरीत दोरी सोडा आणि आकडा लिहून ठेवा. पुढं कधी कोणी विचारलं, "आधी पाणी किती होतं?" तर वही दाखवता येईल.